फोटो हललाय

आमच्या घरी फोटोंचे दोनच प्रकार असायचे. 'छान आलाय' आणि 'हललाय'. छत्तीस फोटोंचा रोल धुऊन आणला की आई आधी हललेले बाजूला काढायची. त्यांचेही पैसे पडलेले असायचे, त्यामुळे टाकवत नसत, आणि अल्बममध्ये लावायची लाज वाटायची. असे सगळे हललेले फोटो एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात अजून आहेत. बहुतेकांत मीच आहे. एका जागी स्थिर उभं राहणं मला तेव्हाही जमत नव्हतं.

बाबांचे फोटो मात्र कमी. जे आहेत ते लग्न-मुंजीतले, पंगतीत वाढताना वगैरे. कामावरचा एकही नाही. १९७४ ते २००९ अशी पस्तीस वर्षं त्यांनी दहिसर ते चर्चगेट आणि चर्चगेट ते दहिसर केलं. फोर्टात एका ऑफिसात कारकून होते. या पस्तीस वर्षांचा फोटोरूपी पुरावा काय, तर रेल्वेच्या पासाचं ओळखपत्र. त्यावर स्टॅम्पाएवढा ब्लॅक अँड व्हाइट चेहरा, आणि अर्ध्या चेहऱ्यावर शिक्का.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे या वीकेंडला प्रॉडक्शनमध्ये काही पेटलं नाही. शनिवार अख्खा मोकळा मिळाला आणि मी फोटोग्राफीचा इतिहास वाचत बसलो. वाचता वाचता लक्षात आलं की 'हललाय' ही गोष्ट आपण समजतो तेवढी फालतू नाही. रस्त्यावरच्या फोटोग्राफीची सुरुवातच मुळी तिथून होते.

तर गोष्ट १८३८ ची, पॅरिसची. लुई दागेर नावाचा माणूस आपल्या इमारतीच्या वरच्या खिडकीतून खालच्या रस्त्याचा फोटो काढतो. रस्त्याचं नाव बुलेव्हार द्यु तांप्ल. हा रस्ता म्हणजे त्या काळातला नाटकांचा, थेटरांचा, गर्दीचा रस्ता. घोडागाड्या, फेरीवाले, रिकामटेकडे, सगळे. पण चांदीचा मुलामा दिलेल्या त्या तांब्याच्या पत्र्यावर जे उमटलं त्यात रस्ता जवळजवळ ओसाड आहे. झाडं आहेत, घरं आहेत, धुराडी आहेत, माणूस नाही.

कारण साधं आहे. पत्र्यावर चित्र उमटायला काही मिनिटं लागायची. तेवढ्या वेळात जो जो हलला तो तो गेला. राहिलं फक्त जे जागचं हललं नाही ते. म्हणजे इमारती, आणि डाव्या बाजूला खाली कोपऱ्यावर एक माणूस, एक पाय वर ठेवून उभा. तो बूट पॉलिश करून घेत होता! त्याच्यापुढे पॉलिशवाला बसलेला आहे. आजवर माहीत असलेल्या फोटोंमध्ये माणूस दिसतो असा हा बहुधा पहिला फोटो. म्हणजे फोटोत आलेला पहिला माणूस राजा नाही, सेनापती नाही, तर बूट पॉलिश करून घेणारा एक कोणीतरी; आणि फोटोत आलेला पहिला कामगार म्हणजे बूट पॉलिशवाला.

पण नीट बघा. ज्याचे बूट आहेत तो जरा स्पष्ट आहे. जो काम करतोय तो नुसता एक गडद ठिपका आहे, आकार ओळखावा लागतो. कारण उघड आहे, त्याचे हात चालू होते. काम करणारा हलला. :)

१८३९ च्या मार्चमध्ये सॅम्युएल मोर्स (हो, तोच तारायंत्रवाला) पॅरिसमध्ये होता. त्याने दागेरकडे जाऊन हे पत्रे बघितले आणि आपल्या भावाला पत्र लिहून कळवलं की एरवी वाहत्या गर्दीचा हा रस्ता इथे पूर्ण एकांतात आहे, फक्त बुटांना ब्रश मारून घेणारा एक माणूस सोडून. पत्रात त्या माणसाच्या बुटांचं वर्णन आहे, पायांचं आहे, धड आणि डोकं हलल्यामुळे दिसत नाही तेही आहे. पॉलिशवाल्याचा उल्लेख त्याच्या पेटीपुरता. (जाता जाता: दुसऱ्या दिवशी दागेर परतभेट म्हणून मोर्सचं तारायंत्र बघायला गेला आणि नेमकं त्याच वेळी त्याचं स्वतःचं थिएटर जळून खाक झालं. आमच्याकडे ऑन-कॉलवाला जेवायला गेला की सर्व्हर पडतो, तसंच.)

आता जरा गणित. माणूस साधारण चालीने चालतो तेव्हा सेकंदाला १.४ मीटर जातो. शटर चार मिनिटं उघडं असेल तर तेवढ्यात तो तीनशे मीटरच्या पुढे गेलेला असतो. कुठल्याच एका जागी तो पुरेसा वेळ नाही, म्हणून कुठेच उमटत नाही. शटर अर्धा सेकंद उघडं असेल तर तो सत्तर सेंटिमीटर सरकतो. मग तो गायब होत नाही, पण त्याचा चेहराही राहत नाही. माणसाचा फराटा होतो. आणि शटर सेकंदाचा पाचशेवा भाग असेल तर तीन मिलिमीटर. तिथे चेहरा, घाम, सुटलेलं बटण, सगळं दिसतं. म्हणजे कॅमेऱ्यावरची ती एक चकती फिरवणारा ठरवतो की समोरच्या गर्दीतलं कोण माणूस, कोण फराटा आणि कोण हवा.

१९२५ पासून लायका बाजारात आला आणि खिशात मावणारा, झटपट चालणारा कॅमेरा घेऊन लोक रस्त्यावर उतरले. ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ आणि मंडळींनी त्या सेकंदाच्या छोट्या तुकड्याचं जे केलं त्यावर इतकं लिहून झालंय की मी त्यात भर घालत नाही. मला सांगायचंय ते चर्चगेटबद्दल.

१९९५ मध्ये दोन मोठ्या फोटोग्राफर्सनी चर्चगेट स्टेशनचा फोटो काढला. एक आपला रघु राय. दुसरा ब्राझीलचा सेबास्तियाव साल्गादो. दोन्ही फोटो ब्लॅक अँड व्हाइट, आणि दोघांनीही वेगवेगळी एकच युक्ती केली, शटर मुद्दाम जास्त वेळ उघडं ठेवलं. रघु रायच्या फोटोत पेपर वाचत थांबलेली माणसं स्पष्ट दिसतात आणि त्यांच्या आजूबाजूने गर्दी पाण्यासारखी वाहत जाते. साल्गादोचा फोटो उंचावरून आहे. गाड्या उभ्या आहेत, प्लॅटफॉर्म आहे, आणि गाड्यांच्या मधून जे ओततंय त्याला माणसं म्हणावं की वाफ, कळत नाही.

पॅरिसच्या पत्र्यात १८३८ साली जे नाइलाजाने झालं, ते १९९५ मध्ये हे दोघं ठरवून करतायत. आणि मला विचाराल तर चर्चगेट समजून घ्यायचा याहून चांगला मार्ग नाही. सकाळी साडेनऊला तिथे उतरलाय का कधी? तिथे चेहरे नसतातच. खांदा असतो, बॅग असते, पुढच्याची पाठ असते. आपण चालत नाही, नेले जातो. हे डोळ्यांनी बघून कळत नाही, अंगाला कळतं, आणि या फोटोंमध्ये ते अंगाला कळणारं डोळ्यांना दिसतं. लोक फोटोत काव्य आहे वगैरे म्हणतात, ते माझ्या समजुतीप्रमाणे एवढंच असावं.

रंग असते तर? मी एकदा मनातल्या मनात करून बघितलं. रंगीत चर्चगेटमध्ये पहिली नजर जाहिरातींवर गेली असती. मग लाल-पिवळ्या डब्यावर, मग कोणाच्या तरी नारिंगी साडीवर. रंग म्हणजे ट्रॅफिक पोलीस, आधी इकडे बघा, मग तिकडे. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये तो पोलीस रजेवर असतो. उजेड, अंधार आणि माणसांचं वाकणं-झुकणं एवढंच उरतं. साल्गादो वर्षानुवर्षं ट्राय-एक्स नावाची फिल्म वापरायचा, ३५ मिलिमीटरमध्ये ती १९५४ पासून मिळायला लागली. तिचा दाणा जाडसर, पण कमी उजेडात चालते. फॅक्टऱ्या, खाणी, स्टेशनं, म्हणजे जिथे माणसं काम करतात पण फोटोसाठी दिवे लावलेले नसतात, अशा जागांची ती फिल्म. या साल्गादोचं शिक्षण अर्थशास्त्राचं. आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेत चांगली नोकरी होती, ती १९७३ मध्ये सोडली. (हे वाक्य मी पुन्हापुन्हा वाचलं. पुढे मनात काय आलं ते होम लोनवाल्यांना सांगण्यासारखं नाही.) हातांनी काम करणाऱ्या जगभरच्या कामगारांवर त्याचं जाडजूड पुस्तक १९९३ मध्ये आलं, त्यात ब्राझीलची सोन्याची खाण आहे, तसे आपल्या धनबादचे कोळसा कामगारही आहेत. चर्चगेट आहे ते २००० साली आलेल्या स्थलांतरावरच्या पुस्तकात. २०२५ च्या मे महिन्यात तो गेला.

असो. १९९५. मी तेव्हा सातवीत. म्हणजे बाबा त्या वर्षी रोज चर्चगेटला उतरत होते. हे डोक्यात आल्यावर मी दोन्ही फोटो मोठे करकरून बघत बसलो. वेडेपणाच, कारण फोटो कितीही मोठा केला तरी फराट्यातून नाक-डोळे येत नाहीत. माहिती साठवलीच नसेल तर झूम करून काय मिळणार? हे मी ऑफिसात क्लायंटला दर महिन्याला सांगतो.

रविवारी बाबांकडे गेलो तेव्हा टॅबवर दोन्ही फोटो दाखवले. चष्मा वर-खाली करून त्यांनी बराच वेळ बघितलं.

"चर्चगेट," ते म्हणाले. "पण हललाय."

"मुद्दाम हलवलाय बाबा. म्हणजे गर्दीचा प्रवाह दिसावा म्हणून. तुम्ही असाल यात कुठेतरी."

"मी? ह्या पेपरवाल्यांत तर नक्कीच नाही. पेपर वाचायला थांबलो असतो तर मस्टर कोणी गाठला असता? साडेदहाला मस्टर उचलायचे. तीन लेट मार्क झाले की अर्धी सीएल गेली." मग साल्गादोच्या फोटोकडे बोट. "ह्यात असेन. ह्या धुरात."

मी काव्य वगैरे दोन शब्द बोलून बघितले. त्यांनी ऐकून घेतलं. आमचे बाबा सगळंच ऐकून घेतात. मग म्हणाले, "काढणारा वर उभा होता ना? वरून छानच दिसत असणार."

यावर मला काही बोलता आलं नाही, कारण मीही एकदा असा वर उभा राहिलेलो आहे.

२००७ ची गोष्ट. नोकरीला लागून दोन वर्षं झालेली, हातात पहिलाच बरा कॅमेरा, आणि पुण्यात आमचा सात-आठ जणांचा ग्रुप. सगळे आयटीतले. दर रविवारी पहाटे फोटो काढायला जायचो, नंतर वैशालीत डोसा. एका रविवारी मार्केट यार्डात गेलो. तिथे एक हमाल पाठीवर पोतं घेऊन येत होता, मागून कोवळं ऊन, हवेत भुशाची धूळ. असा प्रकाश मिळायला नशीब लागतं. मी पाच-सहा फोटो काढले. त्याने पोतं उतरवलं, घाम पुसला आणि विचारलं, "आमाला बी द्याल ना एक कापी?" म्हटलं, हो, देणार की. पुढच्या रविवारी.

फोटो खरंच चांगला आला होता. मी तो ब्लॅक अँड व्हाइट केला, नेटवर टाकला, भरपूर वाहवा मिळाली. शीर्षक दिलं होतं 'श्रम'. पुढच्या रविवारी आम्ही सिंहगडावर गेलो. त्याच्या पुढच्या रविवारी रिलीज. प्रिंट काढून प्रत्यक्ष मार्केट यार्डात गेलो तेव्हा दीड वर्ष उलटून गेलं होतं. दोन-चार जणांना फोटो दाखवला. एकाने विचारलं, "नाव काय त्याचं?" मी नाव विचारलंच नव्हतं. प्रिंट अजून माझ्याकडे आहे.

नाव न विचारण्याची ही परंपरा आपल्याकडे बरीच जुनी आहे म्हणा. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच निघाली होती. १८६० च्या दशकात विल्यम जॉन्सनने मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या 'जातीजमातीं'च्या फोटोंचं दोन भागांचं पुस्तक काढलं. त्यात माणसांचे फोटो वेगळे काढलेले आणि मागे मुंबईचं दृश्य वेगळं, मग दोन्ही जोडलेलं. चक्क कट-पेस्ट, फोटोशॉपच्या सव्वाशे वर्षं आधी. खाली कॅप्शन जातीचं किंवा समाजाचं. माणूस म्हणजे नमुना. आणि मी 'श्रम' लिहून याच्याहून वेगळं काय केलं होतं?

सुझन सोंटॅगने २००३ च्या आपल्या पुस्तकात साल्गादोच्या स्थलांतरवाल्या फोटोंवर नेमकं याच मुद्द्यावर बोट ठेवलंय. फोटो फार सुंदर आहेत हा आक्षेप इतरांचाही होता. तिचं म्हणणं त्याच्या पुढचं: या फोटोंतल्या हतबल माणसांना कॅप्शनमध्ये नावंही नाहीत. नामवंतांच्या फोटोखाली नाव, आणि बाकीच्यांच्या फोटोखाली फक्त धंदा नाहीतर हालअपेष्टा. ही टीका मला आधी जरा खुसपट काढल्यासारखी वाटली होती. चर्चगेटच्या गर्दीत प्रत्येकाचं नाव कोण विचारणार? पण लुईस हाइनबद्दल वाचलं आणि मत बदललं.

हा हाइन न्यूयॉर्कमध्ये शाळामास्तर होता. १९०८ पासून तो बालकामगारांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या एका राष्ट्रीय समितीसाठी अमेरिकाभर फिरला. कापडगिरण्या, कोळशाच्या खाणी, काचेचे कारखाने, रस्त्यावर पेपर विकणारी पोरं. कारखान्यात त्याला सरळ कोण आत घेणार? मग तो कधी आगीचा इन्स्पेक्टर व्हायचा, कधी बायबल विकणारा, कधी म्हणायचा मला फक्त तुमच्या मशिनरीचे फोटो हवेत. मशीनच्या शेजारी एखादी पोरगी 'मापासाठी' उभी करायचा. आणि गंमत म्हणजे खरं माप दुसरीकडेच चाललेलं असायचं. आपल्या जाकिटाची बटणं जमिनीपासून किती उंचीवर आहेत हे त्याला पाठ होतं. मूल समोर उभं राहिलं की कितव्या बटणापर्यंत येतं यावरून तो उंची काढायचा. खिशात हात घालून, न बघता, वहीत टिपून घ्यायचा. नाव, वय, किती महिने कामावर, कुठली गिरणी, तारीख.

१९०८ च्या नोव्हेंबरमधला त्याचा एक फोटो आहे, साउथ कॅरोलिनातल्या लँकेस्टर गावच्या कापडगिरणीतला. लांबच लांब साचा, आणि त्यापुढे एक चिमुरडी. खाली लिहिलंय: सेडी फायफर, उंची ४८ इंच, अर्ध्या वर्षापासून कामावर. चार फूट! फोटोत साच्याची ओळ दूर जाऊन एका बिंदूत मिळते, खिडकीतून उजेड येतोय. कोणीही म्हणेल की सुंदर आहे. पण ते ४८ इंच वाचल्यावर त्या सौंदर्याकडे नुसतं बघत बसता येत नाही. माझ्या मुलीची उंची आम्ही दरवाजाच्या चौकटीवर पेन्सिलने लिहितो. ४८ इंचाची रेघ दुसरीतली आहे.

या समितीसाठी काढलेले पाच हजारांवर फोटो आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, टिपणांसकट. बालमजुरीविरुद्ध १९१६ मध्ये एक कायदा झाला, तो १९१८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने रद्द केला. टिकणारा कायदा यायला १९३८ उजाडलं. एका फोटोग्राफरमुळे कायदा झाला असं कोणी म्हटलं तर ते अर्धसत्य समजावं, चळवळ मोठी होती. खुद्द हाइनला शेवटी शेवटी काम मिळेना. हाती पैसा नाही, घरही गेलं. १९४० मध्ये गेला.

पण त्या टिपणांची खरी किंमत मला दुसऱ्याच एका गोष्टीने कळली. १९१० मध्ये हाइनने व्हर्माँट राज्यातल्या नॉर्थ पाउनलच्या गिरणीत एका मुलीचा फोटो काढला. मळका एप्रन, अनवाणी, एक हात साच्यावर टेकलेला, नजर सरळ कॅमेऱ्यात. हा फोटो इतका गाजला की १९९८ मध्ये अमेरिकेने तो पोस्टाच्या तिकिटावर छापला. तोवर कुठल्याशा नोंदींच्या घोळात तिचं आडनाव लेअर्ड असं पडलेलं होतं, आणि त्या नावाची मुलगी काही सापडत नव्हती. पुढे एलिझाबेथ विन्थ्रॉप या लेखिकेने गाव आणि गिरणी धरून १९१० ची जनगणना चाळली, तेव्हा कळलं की ती अ‍ॅडी कार्ड. मग तिच्या वंशजांपर्यंत माग लागला. अ‍ॅडी नव्वदी ओलांडून १९९३ मध्ये वारली होती. तिकीट निघायच्या पाच वर्षं आधी. आपला फोटो जगभर पुस्तकांत छापला जातोय हे तिला शेवटपर्यंत माहीतच नव्हतं, आणि घरच्यांनाही नाही.

डेटाबेसवाल्यांना वेगळं सांगायला नको. आडनावाच्या रकान्यात चूक होती, पण बाकीचे रकाने भरलेले होते म्हणून रेकॉर्ड जुळलं. माझ्या मार्केट यार्डातल्या रेकॉर्डला एकच रकाना आहे, 'श्रम'.

नाव फोटोतल्या माणसाचंच हरवतं असंही नाही. होमाई व्यारावाला म्हणजे भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. जे.जे. स्कूलमध्ये शिकलेल्या. मुंबईत सुरुवातीच्या काळात त्यांनी काढलेले रोजच्या शहरी आयुष्याचे फोटो छापून आले ते मानेकशॉ व्यारावाला या नावाने, म्हणजे नवऱ्याच्या. बाईचं नाव, त्यात नवखं, कोण छापणार? पुढे दिल्लीत गेल्यावर त्यांनी नेहरूंपासून सगळ्यांचे फोटो काढले, १९७० मध्ये कॅमेरा ठेवून दिला, २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं आणि २०१२ मध्ये त्या गेल्या. मला मात्र त्यांचे पंतप्रधान-राष्ट्रपतींचे फोटो बघताना राहून राहून ते मुंबईतले, दुसऱ्याच्या नावावर गेलेले फोटो आठवतात.

आणि सुधारक ओलवे. ज्यांनी त्यांचे मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो बघितले नसतील त्यांनी जरूर बघावेत, पण जेवायच्या आधी नको. ओलवे १९८८ पासून मुंबईत वृत्तछायाचित्रकार. महापालिकेच्या सफाई कामगारांबरोबर ते वर्षानुवर्षं फिरले. कचऱ्याच्या गाडीवर, गटारात, आणि कामानंतर त्यांच्या घरातही. सगळं ब्लॅक अँड व्हाइट. यातले बहुसंख्य कामगार दलित समाजातले आहेत, आणि हे काम पिढ्यान् पिढ्या त्यांच्याच वाट्याला का येतं हा प्रश्न फोटोत कुठेही लिहिलेला नसताना दिसत राहतो. २०१६ मध्ये ओलवेंना पद्मश्री मिळाली.

मी आधी म्हटलं की रंग नसले की उजेड-अंधार उरतो. ओलवेंच्या फोटोंत मला त्याचा दुसराही उपयोग दिसला. कचरा रंगीत असता तर आपण किळस येऊन नजर फिरवली असती. काळ्या-पांढऱ्यात कचरा आणि माणूस दोन्ही राखाडी होतात, किळस यायला क्षणभर उशीर होतो, आणि तेवढ्या वेळात माणसाशी नजरानजर झालेली असते. मग मागे फिरता येत नाही. आणि हे फोटो वरून काढलेले नाहीत. माणूस गटारात असेल तर कॅमेराही जवळजवळ तिथेच आहे. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मला जिथे मिळाल्यासारखं वाटलं ते इथे.

हे सगळं मी रविवारी दुपारी बाबांना सांगत होतो. नावाचं, हाइनच्या बटणांचं, मार्केट यार्डातल्या हमालाचंसुद्धा. ते स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मटार सोलत होते. निवृत्तीनंतर मटार हे खातं त्यांच्याकडे आलंय.

"नावाचं तू म्हणतोस ते बरोबर असेल," ते म्हणाले. "पण आमच्या डब्यात कोणाला नावं ठाऊक होती? मालाडला चढायचा तो मालाड. एक अंधेरी होता. एक शेअर बाजार. मला दहिसरच म्हणायचे. वीस-बावीस वर्षं एका डब्यात. अंधेरी दोन दिवस आला नाही तर आमचा जीव खालीवर. त्याच्या मुलीच्या लग्नाला आम्ही पाकीट दिलं, त्यावरसुद्धा 'डब्यातली मंडळी' असंच लिहिलं होतं."

"मग अंधेरीचं पुढे काय झालं?"

"कोण जाणे. मी रिटायर झालो. फोन नंबर होता त्याचा, लँडलाइन. तो काही लागत नाही आता." दाणे पातेल्यात पडत होते. "त्या फोटोत तो असेल तर असेल. माझ्या पुढेच असायचा, घाई फार त्याला."

खिडकीतून उतरतं ऊन येत होतं, ट्यूबलाइट लावलेली नव्हती. मी फोन काढला, ब्लॅक अँड व्हाइट केला आणि त्यांचा फोटो घेतला. त्यांनी मान वर करून हात पुढे केला, दाखव म्हणून. चेहरा अगदी स्वच्छ आला होता. हातांच्या जागी मात्र नुसता पांढुरका फराटा, आणि त्यातून सुटलेला एक दाणा.

"हललाय," बाबा म्हणाले. "परत काढ. थांब, जरा हे पातेलं संपू दे."